सॉफ्टवेअरचा संदर्भ देताना आवृत्ती विसरू नकोस

संशोधनाच्या पेपरमध्ये नुसतं ‘विश्लेषण पायथनमध्ये केलं’ असं लिहून सोडू नकोस. कोणतं पॅकेज (तयार कोडचा संच), कोणती आवृत्ती, हे दोन्ही हवं. माझ्या पहिल्या पेपरात मी आवृत्ती लिहिलीच नव्हती. दोन वर्षांनी तोच कोड चालवला तर आकडे वेगळे! कारण शोधण्यात आठवडा गेला.

संदर्भ कसा लिहायचा, हे बहुतेक वेळा बनवणाऱ्यांनीच सांगितलेलं असतं. आर (R) या प्रोग्रॅमिंग भाषेत सायटेशन हे फंक्शन पॅकेजचं नाव देऊन चालव, तयार नोंद मिळते. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर २०२१पासून सायटेशन फाइल असलेल्या प्रकल्पाच्या पानावर संदर्भाचं बटण दिसतं. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या पॅकेजसाठी २०२०चा ‘नेचर’मधला लेख द्यायचा, पण त्यातून तू वापरलेली आवृत्ती कळत नाही, ती पद्धतीच्या भागात वेगळी लिही.

झेनोडो या संशोधनाच्या फाइली साठवणाऱ्या साइटवर जरा जपून. तिथे प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) असतो आणि सगळ्या आवृत्त्यांना मिळून आणखी एक. तुला वापरलेल्या आवृत्तीचाच हवा. डीओआय नसेल तर रिपॉझिटरीचा (कोड ठेवलेल्या जागेचा) पत्ता आणि कमिटचा (कोडमधल्या बदलाच्या नेमक्या नोंदीचा) क्रमांक दे.

प्रत्येक लहानसहान लायब्ररी यादीत कोंबायची गरज नाही. निष्कर्ष जिच्यावर उभे आहेत ती मात्र संदर्भसूचीतच हवी, आभारात नाही; आभारातला उल्लेख कोणी मोजत नाही.