शॉकवेव्ह घेऊ का मॅडम? करंट देतात का त्यात?

लिंगाच्या ताठरतेसाठी ज्याची जाहिरात होते त्या शॉकवेव्ह उपचाराबद्दलचा हा प्रश्न आता मला समुपदेशनात महिन्यातून तीन-चार वेळा तरी येतो, म्हणून एक केस सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत, बाकी गोष्ट खरीच आहे.

गृहस्थ ४६ वर्षांचे. आल्या आल्या मोबाईल टेबलावर उलटा ठेवला आणि पहिली दहा मिनिटं झोप लागत नाही, ऑफिसचं टेन्शन आहे, असंच चाललं होतं. मी ऐकत होते, कारण या विषयावर कुणी सरळ येत नाही, गावाला वळसा घालूनच येतात. मग एकदम मोबाईल सुलटा करून माझ्यापुढे सरकवला. एका क्लिनिकची जाहिरात, बारा सेशनचं पॅकेज. "मॅडम, ताठरता येत नाही नीट, आली तर टिकत नाही. दोन वर्षं झाली. हे घेऊ का? आणि यात करंट देतात का हो?"

तर आधी करंटचं. शॉकवेव्हमधला शॉक विजेचा नाही, त्या दाबाच्या लहरी असतात, आवाजासारख्याच पण खूप जोरकस. किडनी स्टोन बाहेरूनच फोडायला १९८० मध्ये जर्मनीत म्युनिकला या लहरी माणसावर पहिल्यांदा वापरल्या, आणि लिंगासाठी वापरतात त्या त्याच जातीच्या पण फारच सौम्य, त्यानं काही फुटत-बिटत नाही, बधिर करावं लागत नाही, साधारण पंधरा-वीस मिनिटांचं काम, टिचक्या मारल्यासारखं वाटतं म्हणतात. कल्पना अशी की या माऱ्यानं बारीक रक्तवाहिन्या जाग्या होतात, नव्या फुटतात आणि रक्तपुरवठा सुधारतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तसं दिसलंय. २०१० मध्ये इस्रायलच्या डॉक्टरांनी २० पुरुषांवरचा पहिला अनुभव छापला आणि तिथून हे सगळं सुरू झालं. त्यांची पद्धत म्हणजे आठवड्यातून दोनदा असं तीन आठवडे, मग तीन आठवडे सुट्टी, परत तीन आठवडे. पॅकेजमधले ते बारा इथूनच आलेत.

म्हणजे फसवणूक आहे का? नाही, पण जाहिरातीत लिहितात तितकं पक्कंही नाही. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशननं २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत याला अजून संशोधनाच्या पातळीवरचा उपचार म्हटलंय, युरोपातले तज्ज्ञ थोडे मोकळे आहेत, रक्तपुरवठ्याची तक्रार सौम्य असेल तर विचार करा म्हणतात, पण तेही हात राखूनच.

मी त्यांना विचारलं, क्लिनिकमध्ये तुमची शुगर तपासली का? नाही. बीपी? नाही. सकाळी उठताना ताठरता असते का हे तरी विचारलं? तेही नाही. त्यांच्याकडे तिथला फॉर्म होता, त्यात नाव, वय, उंची, वजन आणि मग थेट पैसे एकरकमी भरणार की हप्त्यानं. मी हसले आणि तेही हसले, त्या दिवशी पहिल्यांदाच.

आता माझी चूक सांगते. माझ्याकडे येणाऱ्यांत बऱ्याच जणांचं मूळ भीतीत असतं, एकदा जमलं नाही की पुढच्या वेळी माणूस बायकोकडे बघायच्या ऐवजी स्वतःवरच पहारा ठेवतो, ॲड्रेनलिन वाढतं, त्यानं रक्तवाहिन्या आवळतात आणि व्हायचं तेच होतं. यांचंही तेच असणार असं मी मनात जवळजवळ ठरवून टाकलं होतं. सकाळचा प्रश्न मीच त्यांना शेवटी शेवटी विचारला. भीतीचं प्रकरण असेल तर झोपेतली आणि पहाटेची ताठरता बहुतेक शाबूत असते, कारण झोपेत पहारेकरी नसतो. ते म्हणाले, "वर्षभरात फारशी नाहीच." मग मी वही मिटली आणि म्हटलं आधी डॉक्टरांकडे जाऊन या, पॅकेजवाल्यांकडे नाही, युरॉलॉजिस्टकडे.

पाठवायचं अजून एक कारण होतं. लिंगातल्या रोहिण्या साधारण १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४ च्या. नळ तुंबायला लागला की बारीक पाईप आधी बोंबलतो. म्हणून ही तक्रार कधी कधी हार्टच्या त्रासाच्या काही वर्षं आधी येते, आणि ती नुसती दाबून टाकणं म्हणजे धोक्याची घंटा काढून ठेवण्यासारखं आहे.

रिपोर्ट आले. तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) ८.४, म्हणजे डायबिटीस. त्यांना पत्ताच नव्हता. हार्टची तपासणी ठीक निघाली, सुटलो.

ताठरतेच्या गोळीचा विषय निघाला तर म्हणाले ती घेऊन बघितली, फेल गेली. कशी घेतली होती? लग्नाचं जेवण भरपेट जेवून आले, गोळी घेतली आणि बेडवर पडून छताकडे बघत बसले, कधी सुरू होतंय म्हणून! अहो, ही गोळी म्हणजे बटण नाही. सिल्डेनाफिल घ्यायची साधारण तासभर आधी, पोट फार भरलेलं नको, आणि मनात इच्छा, स्पर्श हे लागतंच, त्याशिवाय ती काही करत नाही. एकदाच अशी घेऊन फेल म्हणणारे खूप भेटतात. (आणि छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची औषधं चालू असतील तर या गोळ्या अजिबात नाही, बीपी धोकादायक खाली जातं. मित्राकडून मागून घेऊ नका.)

तिसऱ्या वेळी मिसेसना घेऊन आले. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "म्हणजे दोन वर्षं हे रोज साडेअकरापर्यंत लॅपटॉप घेऊन बसतात ते यासाठी? मला वाटलं मीच नकोशी झालेय." ते खाली बघत होते. त्यापुढचा अर्धा तास शॉकवेव्हचा शब्दही निघाला नाही. मी त्यांना काही आठवडे संभोग बंद असं सांगितलं, फक्त जवळ बसायचं, स्पर्श करायचा, काही सिद्ध करायचं नाही. परीक्षाच रद्द केली की अभ्यासाचं टेन्शन जातं.

शॉकवेव्ह त्यांनी नंतर घेतलीच. युरॉलॉजिस्ट म्हणाले तुमची तक्रार रक्तपुरवठ्याच्या गटात बसते, करून बघू शकता, खात्री मात्र देणार नाही. मशीन कुठलं हे विचारा एवढं मी सांगितलं होतं, कारण काही ठिकाणी टाच-खांदा दुखण्यासाठीचं हवेच्या दाबावर चालणारं रेडियल मशीन याच नावानं वापरतात, त्याचा जोर वरच्यावरच राहतो आणि ती खरी शॉकवेव्ह नव्हेच.

सहा महिन्यांनी दोघं आले. शुगर ६.९, रोजचं चालणं चालू, गोळी अधूनमधून. "मशीननं झालं की शुगरनं?" म्हटलं, तुम्ही सगळं एकदम केलंत, आता कोण सांगणार. पाच प्रश्नांचा ताठरतेचा फॉर्म परत भरायला दिला, २५ पैकी. पहिल्या वेळी १३ आले होते, आणि आत्मविश्वासाच्या पहिल्याच प्रश्नाला त्यांनी १ लिहिलेला, पेन इतकं दाबून की मागच्या पानावर उमटलं होतं. या वेळी तिथे ४ लिहिला. मिसेसनी वाकून बघितलं, भुवई वर केली. त्यांनी ४ खोडून ३ केला आणि दोघंही हसायला लागले. बेरीज १८ आली.