लांब पल्ल्यात काय खावं

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. दोन तास छान धावल्यावर पाय एकाएकी जड झाले आणि उरलेलं अंतर चालत काढावं लागलं, हे वाचून वाईट वाटलं. पण त्याचं खापर जिद्दीवर फोडू नकोस. सकाळपासून पाण्याशिवाय पोटात काहीच नव्हतं, हे तूच लिहिलं आहेस.

कर्बोदकांचा साठा शरीरात ग्लायकोजेनच्या रूपात असतो : स्नायूंमध्ये साधारण 400 ग्रॅम, यकृतात 100 ग्रॅमच्या आसपास. नेटाने पळत राहिलं की दीड-दोन तासांत तो तळाला जातो. चरबी भरपूर असते, पण तिच्यातून ऊर्जा सावकाश मिळते, वेग टिकत नाही. 1924च्या बोस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी काही धावपटूंचं रक्त तपासलं, तर गलितगात्र होऊन पोचलेल्यांची साखर फार उतरलेली होती. पुढच्या वर्षी वाटेत गोड गोळ्या दिल्या आणि फरक स्पष्ट दिसला.

तासाभराच्या व्यायामाला मध्ये खायची गरज नाही. त्यापुढे अडीच तासांपर्यंत दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात 25 ग्रॅमच्या आसपास असतात. जेलच्या, म्हणजे धावताना चोखायच्या घट्ट गोड पाकाच्या, पाकिटावर आकडा छापलेला असतो, तो वाचायची सवय लाव. याहून लांब पल्ल्यात काही जण तासाला 90 ग्रॅमपर्यंत जातात. मात्र आतडं एकट्या ग्लुकोजचे तासाला 60 ग्रॅमच्या आसपासच शोषू शकतं. फ्रुक्टोजची, म्हणजे फळांतल्या साखरेची, शोषली जायची वाट वेगळी असते, म्हणून तिथे दोन्हींचं मिश्रण लागतं.

भूक लागायची वाट बघू नकोस. पहिल्या अर्ध्या तासातच सुरुवात कर, मग दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडं थोडं. जेल घेतलंस तर त्यावर साधं पाणी पी. गोड पेय प्यायलास तर पोटात सगळं फार घट्ट होतं आणि मळमळतं. तूप, दाणे, कोंडायुक्त पदार्थ एरवी उत्तम, पण धावताना ते जठरात रेंगाळतात. सायकलवर किंवा डोंगर चढताना पोटाला तितके हिसके बसत नाहीत, तेव्हा चावून खायचं चालतं. पाणीही तहानेप्रमाणेच पी. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं.

सगळ्यात कळकळीने सांगायचं ते हे, की पोटालाही सराव लागतो. नियमित खात धावलं तर काही आठवड्यांत आतडं जास्त साखर शोषायला शिकतं. शर्यतीत दिलेलं अनोळखी जेल, कितीही मोह झाला तरी, तोंडात घालू नकोस.

येत्या लांब धावेला तासाला 30 ग्रॅमपासून सुरुवात कर. काय खाल्लंस, कितव्या मिनिटाला, पोट कसं वागलं, सगळं लिहून पाठव. मग आकडा वाढवायचा का ते ठरवू.

तुझा,
काका