देवय्यांच्या स्मारकावर १९६५ लिहायचं की १९८८?

नागपुरात अमरावती रोडकडच्या तुमच्या लेआउटच्या ओपन स्पेसमध्ये स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्यांचं छोटं स्मारक उभं राहतंय आणि पाटीवर १९६५ लिहायचं की १९८८, यावरून कमिटीत दोन तट पडलेत, असं तुम्ही लिहिलंय. माझं म्हणणं, दोन्ही सालं लिहा. आणि मधल्या तेवीस वर्षांत काय घडलं, तेही.

७ सप्टेंबर १९६५. आपल्या हवाई दलाच्या एक नंबर स्क्वाड्रनची मिस्टेअर विमानं पहाटे पंजाबातल्या आदमपूरहून पाकिस्तानच्या सरगोधा हवाई तळावर हल्ल्याला निघाली. देवय्या राखीव होते. ऐनवेळी जागा झाली आणि ते गेले. परतताना पाकिस्तानचं स्टारफायटर हे लढाऊ विमान मागे लागलं. ते ध्वनीच्या दुप्पट वेगाचं, आणि मिस्टेअर सरळ उड्डाणात ध्वनीच्या वेगालाही पोचत नसे. त्यात सरगोधा म्हणजे मिस्टेअरच्या पल्ल्याचं टोक, झुंज लांबली तर परतीचं इंधन उरणार नाही. स्वतःच्या विमानाला मार बसलेला असतानाही देवय्या वळले, भिडले आणि त्यांनी स्टारफायटर पाडलं. त्याचा वैमानिक अमजद हुसेन पॅराशूटने उतरून वाचला. देवय्या परतले नाहीत.

हे आपल्या बाजूच्या कुणीच पाहिलं नव्हतं. आपल्या नोंदीत देवय्या नुसते बेपत्ता राहिले. ब्रिटिश लेखक जॉन फ्रिकर यांच्या १९७९ च्या पुस्तकात पाकिस्तानी बाजूची हकीकत आली, तेव्हा मिस्टेअरने स्टारफायटर पाडल्याचं उजेडात आलं. मग इकडे शोध सुरू झाला. त्या हल्ल्याचं नेतृत्व केलेल्या ओ. पी. तनेजांनी पाठपुरावा केला आणि १९८८ मध्ये मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. साक्ष शत्रूच्या गोटातून आली, हे पाटीवर आलंच पाहिजे. नुसतं ‘१९६५ च्या युद्धात वीरमरण’ लिहिलंत तर ती पाटी कुणाचीही होईल. देवय्यांच्या पत्नीची तेवीस वर्षं त्या एका ओळीत कुठे दिसणार?

देवय्या कर्नाटकातल्या कोडगूचे (कूर्गचे), मग स्मारक नागपुरात कशाला, असंही कुणी विचारलंय म्हणे. तिथे मडिकेरीत त्यांच्या नावाचा चौक आहेच. पण हवाई दलाच्या मेन्टेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्या वायुसेनानगरात आहे. विमानं उडण्याजोगी ठेवण्यात ज्यांची हयात गेली, अशा कितीतरी जणांनी निवृत्तीनंतर इथेच घरं बांधली. मीही त्यातलाच एक. आम्हाला हे स्मारक परकं वाटत नाही.

चित्राकडे नीट लक्ष द्या. कलाकार हमखास मिग-२१ काढून देतात. मिस्टेअर फ्रेंच विमान, एकच इंजिन, नाकाशी हवा आत घेणारं गोल तोंड, पंख मागे झुकलेले. महावीर चक्राची फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी असते, तिचे रंग उलटसुलट होऊ देऊ नका.

फ्लेक्स किंवा ॲक्रिलिकची पाटी नको, आपल्या मे महिन्यात तिचा रंग उडतो. काळ्या ग्रॅनाइटवर खोल कोरलेली अक्षरं घ्या, रंग दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा भरता येतो. जागा मनपाकडे असो की नागपूर सुधार प्रन्यासकडे (नासुप्र), लेखी परवानगी आधी.

मजकुराचा खर्डा कोरायला देण्याआधी इथे टाका. नावाचं लेखन एखाद्या कोडगूच्या माणसाकडूनही तपासून घ्या. अज्जमाडा हे त्यांच्या घराण्याचं नाव आहे, ते गाळू नका.