नवीन यूट्यूब चॅनलला सुरुवातीचा धक्का म्हणून सबस्क्रायबर आणि व्ह्यूज विकत घ्यावेत का? कोणती साइट चांगली?

घेऊ नका. उत्तर एवढंच आहे. पण तुम्ही प्रश्नात खाली लिहिलंय की "एकदा हजार दिसले की पुढे खरे लोक आपोआप येतात असं मित्र म्हणतो", आणि हे वाक्य मी गेली काही वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात, तेरवीत ऐकतो आहे. तुमच्याकडे जो मित्र, तो माझ्याकडे साडभाऊ. म्हणून थोडं लांबेल.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. सहा एकर कोरडवाहू. कपाशी, तूर, सोयाबीन. चॅनल 2020 मध्ये काढलं. जूनच्या शेवटी टिकटॉक बंद झालं, गावातले सगळे पोट्टे यूट्यूबकडे वळले, त्यांच्या मागे मीही. त्यांना नाचता येत होतं, मला फक्त पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कळत होती. सव्वा वर्षात 38 व्हिडिओ टाकले आणि सबस्क्रायबर झाले 140. त्यातले निम्मे नात्यातले, चार-पाच कृषी केंद्रवाले, आणि एक बायकोचा मामा, जो प्रत्येक व्हिडिओखाली नुसते हात जोडायचा.

साडभाऊंचं तालुक्याच्या गावी दुकान आहे. रिचार्ज, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म. 2021 च्या दसऱ्याच्या सुमारास काही कागद काढायला गेलो होतो. त्यांनी माझं चॅनल दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडलं आणि गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले, "अडतीस व्हिडिओ अन् एकशेचाळीस लोकं? भाऊ, बजारात जडीबुटीवाला बसते ना, त्याच्यापुढं पयले दोन माणसं त्याचेच उभे रायतेत. मंग सारा बजार गोया होते. तुह्यापाशी ते दोन माणसंच नाहीत."

मला पटलं. खोटं कशाला बोलू. तिथे उभ्या असलेल्या तिघा-चौघांनाही पटलं.

त्यांनी सांगितलेला भाव असा होता: हजार सबस्क्रायबर 1,200 रुपये, चार हजार तासांचा वॉच टाइम, म्हणजे व्हिडिओ पाहिला गेलेला वेळ, 2,300. एकूण 3,500. त्या वर्षी आमच्या गावात वेचणी दहा रुपये किलोनं चालली होती, म्हणजे तेवढ्या पैशात साडेतीन क्विंटल कापूस घरात आला असता. हे गणित मी तेव्हा केलं नाही. बायकोनं केलं, नंतर.

सबस्क्रायबर घ्यायला चॅनलची लिंक पुरते. तासांचं तसं नाही. पॅनलवाल्याला, म्हणजे हे आकडे विकणाऱ्याला, तासाभराच्या वर लांबीचा एक व्हिडिओ लागतो. त्याचे फोन तो एकच व्हिडिओ लावून ठेवतात, म्हणजे तास लवकर भरतात. माझा सगळ्यात मोठा व्हिडिओ नऊ मिनिटांचा. साडभाऊ म्हणाले, "काहीबी टाक न, पायनार कोन हाय?"

मी मोबाइल सुतळीनं निंबाच्या खोडाला बांधला आणि समोर बसलेला आमचा ढवळ्या बैल शूट केला. रवंथ करताना. एक तास दहा मिनिटं. एकेचाळिसाव्या मिनिटाला तो उठतो, मुततो, पुन्हा बसतो. बाकी काही नाही. वर नाव दिलं, 'बैलाची निगा, भाग 1'. भाग 2 कधी निघालाच नाही.

तीन दिवसांत 140 चे 1,150 झाले. त्या तीन रात्री मला झोप नव्हती हेही सांगतो, कारण विकत घेतलेले आहेत हे माहीत असूनही आकडा चढताना पाहिला की छाती फुगते. पानठेल्यावर चहा पाजला सगळ्यांना. पैसे देऊन आणलेल्या लोकांच्या नावानं आणखी पैसे खर्च.

मग निंबोळी अर्काचा व्हिडिओ टाकला. मेहनत केली होती, पाच टक्के अर्क कसा काढायचा ते सगळं करून दाखवलं होतं. दोन दिवसांत व्ह्यूज 19. आधी 140 सबस्क्रायबर होते तेव्हा निदान साठ-सत्तर यायचे. खाली दोन कमेंट, दोन्ही 'नाइस व्हिडिओ ब्रो', ज्यांनी त्या केल्या त्यांच्या नावाची लिपीसुद्धा मला वाचता येईना. अ‍ॅनालिटिक्समध्ये, म्हणजे कोण कुठून पाहतं ते दिसतं तिथे, देशांची यादी उघडली तर व्हिएतनाम वर, ब्राझील त्याच्या खाली, भारत तिसरा. ब्राझीलमध्ये कापूस पिकतो हे खरं, पण तिथला शेतकरी माझं वऱ्हाडी ऐकून निंबोळ्या गोळा करेल असं मला वाटत नाही.

इथे जडीबुटीवाल्याची उपमा फसते. बाजारातला माणूस गर्दीची नुसती पाठ पाहून थांबतो. यूट्यूब पाठ पाहत नाही. ते तुमचा व्हिडिओ थोड्या लोकांपुढे ठेवतं आणि मोजतं: किती जणांनी दाबला, किती वेळ पाहिला. दाबणारे शंभरात दोन ते दहाच्या मधे असले तर सर्वसाधारण धरतात. आता पुढे ठेवायला तुमच्याकडे हजार मेलेली खाती असतील तर दाबणार कोण? सभेला ट्रॅक्टरनं आणलेल्या लोकांसारखं आहे ते. खिचडी खातात, जातात, आणि मत ज्याला द्यायचं त्याला देतात.

आकडे भरले म्हणून कमाईसाठी अर्ज केला. जाहिरातीचे पैसे मिळायला हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तास लागतात, हे तुम्हाला माहीत असेलच. अर्ज गेला की ते चॅनल तपासतात, माणसंही बघतात, हे मला माहीत नव्हतं. काय बघतात? चॅनलचा मुख्य विषय, सगळ्यात जास्त पाहिलेले व्हिडिओ, नवे व्हिडिओ, आणि ज्या व्हिडिओवर सगळ्यात जास्त वॉच टाइम जमलाय तो.

म्हणजे कुठेतरी एका ऑफिसात बसलेल्या माणसानं माझ्या 38 शेतीच्या व्हिडिओंतून नेमका ढवळ्या उघडला असणार. त्याला ते एकेचाळिसावं मिनिट लागलं का, एवढंच मला विचारायचं आहे.

अर्ज नामंजूर. चूक त्यांची काडीची नाही. तीस दिवसांनी पुन्हा अर्ज करा म्हणाले. मी बैल काढून टाकायचं म्हटलं तर साडभाऊ भडकले: "तास कुठून आनशीन?" तेही खरंच, कारण व्हिडिओ डिलीट केला किंवा प्रायव्हेट केला की त्याचे तास मोजणीतून जातात. एक महिना मी तो बैल तसाच ठेवला. तेवढ्यात सबस्क्रायबर गळायला लागले. यूट्यूब खोटी खाती झाडतं, आणि झाडताना तुमच्याकडचा आकडा आपोआप उतरतो. 1,150 चे 700, मग 400, संक्रांतीपर्यंत 196. तीस दिवसांची गॅरंटी होती, गळाले तर पुन्हा भरून देऊ अशी. पॅनलवाल्याचा नंबर लागेना. मी बैल प्रायव्हेट केला आणि ऊन लागेपर्यंत चॅनलकडे पाहिलं नाही.

(तो व्हिडिओ अजून आहे. ढवळ्या 2023 च्या मार्चमध्ये विकला. बाबा कधी कधी संध्याकाळी माझा मोबाइल मागून घेतात आणि तो लावून बसतात. पूर्ण पाहतात.)

आता ज्यावरून साडभाऊंशी भांडण आहे ते. 2022 च्या भादव्यात माझ्या वावरात डोमकळ्या दिसल्या. ज्यांच्याकडे कपाशी नाही त्यांच्यासाठी: गुलाबी बोंडअळी फुलात शिरली की पाकळ्या आतून धाग्यानं शिवून टाकते, फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं. मी एक डोमकळी तोडली, कॅमेऱ्यासमोर पाकळ्या सोडवल्या आणि आतली अळी तळहातावर घेऊन दाखवली. मग कामगंध सापळ्यातले, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यातले, पतंग मोजले. सलग तीन रात्री सापळ्यामागे रोज आठ पतंग आले तर फवारणीचा विचार करा, उगाच भीतीनं पंप उचलू नका, एवढं सांगितलं. फवारणीचं आमच्या जिल्ह्यात कोणी हलकं घेत नाही. 2017 चं विषबाधेचं साल सगळ्यांच्या लक्षात आहे. सहा मिनिटांचा व्हिडिओ. माइक नाही, वाऱ्याचा आवाज, मधेच शेजारच्या वावरातून कोणी तरी हाक मारतो.

तो चालला, कारण त्या आठवड्यात हजारो लोकांच्या वावरात तेच फूल होतं आणि ते मोबाइलवर 'कपाशीचं फूल उमलत नाही' असं बोलून शोधत होते. हिंगणघाट, आर्णी, परभणीकडून लोकांनी फोटो पाठवले. "भाऊ, माह्याबी वावरात हेच हाय" अशा कमेंटा. पाच आठवड्यांत 196 चे हजार झाले. डिसेंबरात 'फरदड का ठेवू नये' टाकला (फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन उभी ठेवलेली कपाशी), त्यावर शिव्या पडल्या, पण शिव्या देणारेही शेवटपर्यंत पाहत होते. तास भरायला फेब्रुवारी उजाडला. मग अर्ज मंजूर झाला. दहा डॉलर झाल्यावर गुगलचं सहा आकडी पिन असलेलं पाकीट टपालानं घरी आलं. पोस्टमननं ते उलटंपालटं करून विचारलं, "हे कोनतं बँकचं हाय?"

आणि साडभाऊ काय सांगत फिरतात? "बोहनी म्या करून देल्ली. ते हजार दिसले म्हनून लोकं आले." अहो, कोणते हजार? डोमकळीचा व्हिडिओ टाकला त्या दिवशी चॅनलवर 196 होते. तारखेसकट आलेख माझ्या मोबाइलमध्ये आहे, मी दोन लग्नांत दाखवलाही. ते म्हणतात आलेखात काय असते. आता हे इथे लिहिलंय, पुढच्या लग्नात ही लिंक पाठवीन.

आता थोडं तुमच्या कामाचं, जे आधी लिहायला हवं होतं.

पैसे देऊन जाहिरात करणं आणि सबस्क्रायबर विकत घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी. यूट्यूब स्टुडिओतून प्रमोशन लावता येतं, ते नियमात बसतं, मी एकदा 500 रुपयांचं केलं. पण जाहिरात म्हणून दाखवलेल्या व्हिडिओचा वेळ त्या चार हजार तासांत धरत नाहीत. शॉर्ट्सच्या फीडमधला वेळही धरत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'तू माझं कर, मी तुझं करतो' चालतं तेही खोट्यातच मोडतं. फुकट आहे म्हणून चालेल असं समजू नका.

आता 500 सबस्क्रायबर आणि तीन हजार तासांवरही यूट्यूबच्या कमाईच्या कार्यक्रमात घेतात, नव्वद दिवसांत तीन व्हिडिओ हवेत. पण त्या पायरीवर प्रेक्षकांनी स्वतःहून दिलेले पैसे मिळतात, जाहिरातीचा वाटा नाही. त्याला हजारच लागतात.

आणि माझा अनुभव शोधल्या जाणाऱ्या विषयाचा आहे. तुम्ही विनोदी किंवा गाण्यांचं काढत असाल तर तुम्हाला कोणी नावानं शोधणार नाही, तुमचं गणित चार हजार तासांऐवजी शॉर्ट्सवर, म्हणजे नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूजवर जाईल. अवघड आहे, तरीसुद्धा विकत घेऊ नका. तुम्ही विषय लिहिलाच नाही, तो लिहा.

साइटचं नाव विचारलंत, ते देत नाही. मित्राला मात्र एकदा विचारून पाहा की त्याला यात किती सुटतात. आमच्या 3,500 मधले सहाशे दुकानातच राहिले होते, हे मला मागच्या अक्षय तृतीयेला मेहुणीच्या तोंडून कळलं.