जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधीच का गळतात?
कळ्या भरपूर येऊनही पिवळ्या पडून गळत असतील तर आधी पाणी तपासा. माती आज कोरडीठाक, उद्या चिखल, असं झालं की जास्वंद पहिल्यांदा कळ्याच टाकते. वरची इंचभर माती सुकली की कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत पाणी द्या.

मग गळलेली एखादी कळी चिरून पाहा. आत बारीक अळ्या दिसल्या तर पडलेल्या कळ्या रोज वेचून पिशवीत बांधून फेका. मातीत राहू देऊ नका, अळी तिथेच कोषात जाते. हे महिनाभर नेटाने करा. देठांवर कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा.

ऊन रोज 5-6 तास हवंच. आणि फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून लांबलेल्या फांद्या छाटायला अजिबात घाबरू नका.