लेकीचे डायपर किती न्यायचे?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि आठ वर्षांपूर्वी नाशिकच्या इंदिरानगरच्या घरात इंग्लंडला यायच्या बॅगा भरणारी मी डोळ्यांसमोर आले. तुमची मुलगी दहा वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअर. मिस्टरांची नोकरी इंग्लंडमधल्या लीड्सला. बाळांचे डायपर जांघेत काचतात, मोठ्यांचा 'स्मॉल' कंबरेला ढगळ होतो, म्हणून विचारताय की वर्षाचा साठा नाशिकहूनच न्यावा का.

नका नेऊ. मी नेला होता. गोळे कॉलनीतून होलसेलने दोन खोकी आणली, त्यापायी कुकर मागे राहिला, आणि चार महिन्यांत आमच्या चिरंजीवांना ते आखूड झाले! तीन-चार आठवड्यांचे घ्या, बस. त्याऐवजी बालरोगतज्ज्ञांचं इंग्रजीतलं पत्र घ्या, आजाराचं नाव आणि औषधांची मूळ नावं लिहिलेलं. आणि एक वही. तीन दिवस किती वाजता किती पाणी प्यायली, कधी ओली झाली, शी कधी झाली, हे लिहून ठेवा. इथली नर्स पहिल्यांदा तेच मागते. आमच्या मुलाला बद्धकोष्ठता आहे हे त्या वहीवरून कळलं. तट्ट भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, म्हणून तो सारखा थोडा थोडा ओला व्हायचा. आम्ही मात्र महागडे डायपर बदलत बसलो होतो.

पोहोचल्यावर लगेच जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा आणि 'कंटिनन्स सर्व्हिस'ची, म्हणजे लघवी-शीवर ताबा नसणाऱ्यांसाठीच्या सरकारी सेवेची, चिठ्ठी मागा. तपासणी करून गरजेप्रमाणे पॅड (इथे डायपरला पॅडच म्हणतात) फुकट घरी येतात. फुकट म्हणजे तसं नाही, व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरताच तुम्ही, 18 वर्षांखालच्या मुलाचे वर्षाला 776 पौंड. दिवसाला किती पॅड मिळतील ते भागाभागावर असतं. आमच्याकडे चार, बाकीचे विकत. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी भत्ते मिळणार नाहीत, अशी अट असेल तर अपंगत्वाचा भत्ता मागू नका, व्हिसा अडचणीत येईल. एनएचएसचे, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, पॅड त्या भत्त्यांत मोडत नाहीत, ते बिनधास्त घ्या. आम्हाला पहिलं खोकं यायला तीन महिने लागले. तोवर दुकानातून घेतले. दीर्घकालीन अपंगत्व असेल तर विकत घेताना साधा फॉर्म भरला की 20 टक्के व्हॅट लागत नाही. मला हे वर्षभराने कळलं, अजून चुटपुट लागते.

आता मापाचं. वयावर जाऊच नका. टेप घेऊन कंबर, नितंब आणि मांडी मोजा, झोपवून आणि बसवून दोन्ही वेळा, कारण बसल्यावर पोट बदलतं. सुपरमार्केटमध्ये ड्रायनाइट्स नावाचे चड्डीसारखे डायपर मोठ्या मुलांच्या मापाचेही मिळतात, पण ते रात्री अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांसाठी. खुर्चीत दिवसभर बसणाऱ्या मुलीला कमी पडतात. तिला बाजूला टेप असलेलेच बरे, पायातले स्प्लिंट आणि बूट न काढता बदलता येतात. बाळांसारखेच पण मोठ्या मुलांच्या मापाचे असे टेना, आयडी, अबेना या कंपन्यांचे मिळतात. खालची टेप आधी, किंचित वरच्या दिशेने लावायची, मग वरची, खालच्या दिशेने. आतल्या झालरी बोटाने उभ्या करायच्या. आमची निम्मी गळती एवढ्यानेच थांबली. एकावर एक दोन डायपर चढवू नका, आतल्याला प्लास्टिकचं अस्तर असतं, पाणी बाहेरच्यात जातच नाही. क्रीमही अगदी पुसट, नाहीतर पॅड शोषत नाही.

सुती लंगोटांचं म्हणाल, तर आपल्या गच्चीवर एप्रिलमध्ये तासात वाळतात. इथे नोव्हेंबरात रेडिएटरवर टाकले तरी दुसऱ्या दिवशी दमट. पण आईच्या जुन्या साडीची चार दुपटी जरूर आणा, गादीवर तसं मऊ इथे काही नाही.

प्रवासात पाणी तोडू नका. लोक हमखास तेच करतात आणि मग लघवी घट्ट होऊन जळजळते. कसाऱ्याआधी एकदा बदला, विमानतळावर एकदा, हातातल्या बॅगेत दोन पूर्ण जोड. व्हीलचेअरचं विमान कंपनीला 48 तास आधी सांगा आणि स्वच्छतागृहाजवळची जागा मागा.

शाळेची धास्ती घेऊ नका. 2010च्या समानता कायद्यामुळे डायपरच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. पण कोण बदलणार, कुठे, दार बंद असेल का, हे कागदावर लिहून घ्या. आणि लेकीलाही विचारा, कोणाकडून चालेल. दहा वर्षांची आहे ती. आमच्या घरात 'डायपर' शब्दच बंद आहे, 'जाड चड्डी' म्हणतो, पाहुण्यांसमोर तेवढं पुरतं. बाहेर फिरताना 'चेंजिंग प्लेसेस' अशी पाटी शोधा. तिथे मोठ्या माणसालाही आडवं करता येईल असं बाकडं आणि उचलायचं यंत्र असतं. अपंगांच्या बऱ्याच स्वच्छतागृहांना एकच 'रडार की' चालते, ती आल्या आल्या घेऊन ठेवा.

कंबर, नितंब, मांडी आणि वजन एवढं कळवा, मी इथल्या तक्त्यावर माप बघून सांगते. फोटो मात्र पाठवू नका, तिचा नको.