दीड लाखाचा लॅपटॉप आणि बारावीतला ढोलकीवाला

नमस्कार ताई,

पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. भांडुपला वन बीएचकेमध्ये तुम्ही चौघं. मुलगा बारावी कॉमर्सला, मंडळाच्या बेंजो पथकात ढोलकी वाजवतो, लहानपणी क्लासला जाऊन पेटीही शिकलाय. गेले काही महिने मोबाइलवर बीट्स बनवतोय आणि आता त्याला म्युझिक प्रोड्युसर व्हायचंय. त्यासाठी दीड लाखाचा मॅकबुक प्रो आणि त्यावर लॉजिक नावाचं संगीत बनवायचं सॉफ्टवेअर पाहिजे, 'त्याशिवाय काही होत नाही' असं त्याने कुठल्याशा व्हिडिओत ऐकलंय. तुमच्या मिस्टरांचं म्हणणं असं की दुकानदार सत्तर हजारांत गेमिंग लॅपटॉप देतोय तो घ्यावा, कॉलेजचंही काम होईल. दोघांत बरोबर कोण आणि या लाइनमध्ये पोट भरतं का, असं तुम्ही विचारलंय.

दोघांचाही क्रम उलटा आहे. मशीन सगळ्यात शेवटी येतं. त्याला कोणाच्या शेजारी बसून काम करायचंय हे आधी ठरवा. त्या लोकांकडे जे सॉफ्टवेअर असतं ते शिकायचं, आणि ते सॉफ्टवेअर जेवढं मागेल तेवढंच मशीन घ्यायचं.

मुंबईत ही माणसं वेगवेगळ्या गल्ल्यांत बसतात. सिनेमा-मालिकांची गाणी आणि पार्श्वसंगीत करणारे अरेंजर आणि प्रोग्रामर, म्हणजे अंधेरी-ओशिवऱ्याच्या इमारतींमधल्या छोट्या स्टुडिओंत कीबोर्ड लावून कॉम्प्युटरवर वाद्यं रचत बसलेली मंडळी, लॉजिक, क्यूबेस किंवा एबलटन अशी सॉफ्टवेअर वापरताना दिसतील. डबिंग, संवाद साफ करणं, फोली (पावलं, दार असे आवाज नंतर वाजवून भरणं), फायनल मिक्स ही पोस्ट-प्रॉडक्शनची दुनिया प्रो टूल्सवर चालते, तिथे दुसरं काही शिकून गेलात तरी शेवटी प्रो टूल्स शिकावंच लागतं. रॅप आणि हिप-हॉपवाली पोरं बहुतेक एफएल स्टुडिओवर असतात. स्टेज शोमध्ये लॅपटॉपवरून ट्रॅक सोडणाऱ्यांचा ओढा एबलटनकडे. तुमचा मुलगा ढोलकी वाजवतो, पेटी शिकलाय, म्हणजे ताल आणि सूर दोन्ही हातात आहेत. गायकाने 'काळी दोनमध्ये घे' (पेटीची दुसरी काळी पट्टी सा धरून) म्हटलं की त्याला गोंधळायला होणार नाही. नुसतं माउसवर शिकलेल्या अनेकांना हे जमत नाही. माझा कल विचाराल तर त्याने प्रोग्रामरच्या वाटेला जावं.

आता लॉजिकबद्दल. उत्तम सॉफ्टवेअर आहे, साधारण दोनशे डॉलरला एकदाच विकत मिळतं आणि सोबत वाद्यांचा मोठा साठा येतो. पण ॲपलने २००२मध्ये ते बनवणारी कंपनी विकत घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद केली, तेव्हापासून ते फक्त ॲपलच्याच मशीनवर चालतं. व्हिडिओवाला जे 'त्याशिवाय होत नाही' म्हणतोय ते एवढ्यापुरतंच खरं. एक स्टुडिओ दुसऱ्या स्टुडिओला काम देतो तेव्हा सहसा वेव्ह फाइल्स देतो: प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा, सगळे गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणारे, आवाजाचा दर्जा बहुधा २४ बिट ४८ किलोहर्ट्झ, आणि टेम्पो म्हणजे गाण्याचा वेग फाइलच्या नावात लिहिलेला. या फाइल्स कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ओढल्या की जागच्या जागी बसतात. असे ट्रॅक नीट काढून, नावं देऊन पाठवता येणं ही साधी शिस्त आहे. नवीन मुलाला पुन्हा बोलवायचं की नाही हे अनेकदा त्यावर ठरतं.

तुम्ही लिहिलंय की घरात २०२०च्या लॉकडाउनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला लॅपटॉप आहे, आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम. सुरुवात त्याच्यावर. रीपर नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला सांगा. फाइल छोटी आहे, जुन्या मशीनवर हलकं चालतं, आणि ६० दिवस पूर्ण वापरता येतं, काहीही अडवलेलं नाही. नंतर आवडलं तर वैयक्तिक वापराचं लायसन्स ६० डॉलर, म्हणजे साधारण पाच हजार रुपये. एफएल स्टुडिओचीही चाचणी आवृत्ती फुकट आहे, पण तिच्यात गंमत अशी की जतन केलेलं काम विकत घेईपर्यंत पुन्हा उघडता येत नाही, त्यामुळे शिकणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. विकत घेतलं तर मात्र पुढचे सगळे अपडेट आयुष्यभर मोफत, हा त्यांचा मोठा गुण. तिथे सर्वांत स्वस्त आवृत्ती घेण्याआधी तिच्यात माइकवरून रेकॉर्डिंग करता येतं का ते वाचून घ्या, ढोलकी रेकॉर्ड करणाऱ्याला त्याशिवाय उपयोग नाही. प्रो टूल्सची इंट्रो आवृत्ती फुकट मिळते, आठ ऑडिओ ट्रॅकची मर्यादा आहे, तोंडओळखीला पुष्कळ झाली.

पहिल्याच आठवड्यात मुलगा तुमच्याकडे येऊन सांगेल की लॅपटॉप बेकार आहे, वाजवलेलं उशिरा ऐकू येतं. तेव्हा पाकीट काढू नका. कॉम्प्युटर आवाज थेट बाहेर सोडत नाही, आधी थोडा साठवतो, त्याला बफर म्हणतात. बफर १०२४ सॅम्पलवर (सॅम्पल म्हणजे आवाजाचा एक बारीक तुकडा) असेल तर ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार तुकडे असताना, नुसता बाहेर पडायलाच २१ मिलिसेकंद लागतात, आत येण्याचे वेगळे. ढोलकी वाजवणाऱ्या हाताला तो उशीर ताबडतोब बोचतो. बफर १२८वर आणला की तोच उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत येतो. विंडोजचा नेहमीचा ड्रायव्हर हे नीट करू देत नाही, त्यासाठी एएसआयओ नावाचा, खास आवाजासाठीचा ड्रायव्हर लागतो, आणि तो ऑडिओ इंटरफेससोबत, म्हणजे माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीसोबत, येतो. वाजवताना बफर कमी, मिक्स करताना जास्त, एवढं त्याला कळलं की निम्म्या तक्रारी मिटतात.

म्हणून पहिला खर्च एका साध्या दोन इनपुटच्या ऑडिओ इंटरफेसवर आणि कानावर पूर्ण बसणाऱ्या बंद हेडफोनवर करा. दोन्ही मिळून पंधरा-वीस हजारांत बसवता येईल, आणि पुढे लॅपटॉप बदलला तरी दोन्ही राहतात. अनेक इंटरफेससोबत एबलटनची लाइट आवृत्ती मोफत येते, तीही हाताखालून जाईल. घरी बसवल्यावर रेकॉर्डिंगमध्ये सतत 'हंऽऽ' असा आवाज आला, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर दोष बहुधा अर्थिंगचा आहे, माइकचा नाही. जुन्या इमारतींमध्ये हे सर्रास सापडतं. इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड तपासून घ्या, तोपर्यंत बॅटरीवर रेकॉर्ड करायचं. पावसाळ्यात माइक सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात ठेवायचा. ढोलकीची शाई दमट हवेत कशी वागते ते त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

आठ जीबी रॅम मात्र पुढे अपुरी पडेल. सॅम्पल केलेली, म्हणजे खऱ्या वाद्यांचे आवाज रेकॉर्ड करून बनवलेली वाद्यं, जसं व्हायोलिनचा ताफा, पियानो, तबल्याचे बोल, ही वाजवताना त्यांचा बराच भाग मेमरीत चढतो, आणि एकेका वाद्यसंचाचं आकारमान दहा-दहा जीबींच्या घरात असतं. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन लॅपटॉपचं खालचं झाकण उघडून बघायला सांगा. रॅमचा स्लॉट रिकामा असेल तर १६ जीबी करून घ्या, आणि हार्ड डिस्क फिरती असेल तर ती काढून एसएसडी. काही मॉडेल्समध्ये रॅम बोर्डलाच डकवलेली असते, तिथे इलाज नाही. विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपलाय. इंटेलच्या आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर असेल तर विंडोज ११ साधारणपणे चढतं, तुमच्या लॅपटॉपवर चढायला हरकत नसावी.

दोनेक महिन्यांनी नवीन घ्यायचंच ठरलं तर मिस्टरांना सांगा, गेमिंग लॅपटॉप अगदीच वाईट नाही. प्रोसेसर दमदार असतो, रॅम बहुधा वाढवता येते. पण त्यातले बरेच पैसे ग्राफिक्स कार्डाचे असतात आणि संगीताला त्याचा जवळपास काही उपयोग नाही. शिवाय त्याचे पंखे. वन बीएचकेमध्ये माइकपासून हातभर अंतरावर ते फिरायला लागले की गाण्याच्या प्रत्येक शांत जागेत उतरतात, आणि तुमच्या घरात पंखा, कुकर आणि मध्य रेल्वे आधीच हजर आहेत. प्रोग्रामरची वाट आणि लॉजिक पक्कं झालं तर मॅकबुक प्रोऐवजी मॅक मिनी बघा. एम-फोर चिपचा मिनी २०२४च्या अखेरीस आला तेव्हा १६ जीबी रॅमसह ५९,९०० रुपयांपासून होता, एचडीएमआय केबलने घरच्या टीव्हीला लागतो आणि जवळजवळ आवाज करत नाही. त्यात रॅम नंतर वाढवता येत नाही. त्या किमतीत आतली साठवण २५६ जीबीच होती, ती ॲपलकडून वाढवून घेण्यापेक्षा वाद्यं बाहेरच्या एसएसडीवर ठेवली तर स्वस्त पडतं. तो फिरता नेता येत नाही ही अडचण खरी, पण घरचा जुना लॅपटॉप कॉलेजला आहेच.

मित्राने पेनड्राइव्हवर 'सगळे प्लगिन फुकट' (मुख्य सॉफ्टवेअरला जोडायची वाद्यं आणि इफेक्ट) आणून दिले तर घरात घेऊ नका. चोरीचं आहे हे तर झालंच. शिवाय त्या फाइल्समधून व्हायरस येतात, अपडेट केलं की प्रोजेक्ट उघडत नाहीत, आणि त्याच मशीनवर तुमचं नेट बँकिंगही चालतं.

पोटाचा प्रश्न. पहिली काही वर्षं नियमित पगार धरून चालू नका. बहुतेकांची सुरुवात एखाद्या प्रोग्रामरकडे किंवा स्टुडिओत सहाय्यक म्हणून होते: केबल गुंडाळणं, फाइल्सना नावं देणं, रात्री उशिरापर्यंत थांबणं. एक गोष्ट बहुतेक मुलांना उशिरा कळते. गाण्याची रॉयल्टी संगीतकार आणि गीतकाराला असते, २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने ती त्यांच्याकडून लिहून काढून घेता येत नाही. प्रोग्रामरला मात्र सहसा ठरलेली फीच मिळते. त्यामुळे फी आणि श्रेयनामावलीतलं नाव आधी व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्यायची सवय लागलेली बरी. पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये ग्लॅमर कमी, पण मालिका, जाहिराती आणि ओटीटीमुळे काम जास्त सलग असतं.

पदवी सोडू देऊ नका, आणि हे मी मध्यमवर्गीय भीतीपोटी म्हणत नाही. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेत आणि कोलकात्याच्या सत्यजित राय चित्रपट संस्थेत ध्वनीचा मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरच करता येतो, बाकीच्या प्रवेश-अटी मात्र आधी बघून घ्या. शिवाय पदवीची तीन वर्षं त्याला मुंबईतली सगळ्यात स्वस्त प्रयोगशाळा देतील: कॉलेजचं नाट्यमंडळ. एकांकिकेला पार्श्वसंगीत लागतं, दिग्दर्शक आदल्या रात्री प्रसंग बदलतो, स्पर्धेची तारीख मात्र हलत नाही. विद्यापीठाच्या युथ फेस्टिव्हलसाठी दोन-तीन एकांकिका केल्या की काम वेळेत संपवायची आणि दुसऱ्याचं ऐकून बदल करायची सवय आपोआप लागते, आणि स्टुडिओवाल्याला ऐकवायला हातात काहीतरी असतं. तुमच्या शेजारी मुलुंडलाच कालिदास नाट्यगृह आहे. तिथे व्यावसायिक नाटकाच्या प्रयोगाला ध्वनिसंयोजक कसा बसतो, कुठल्या वाक्यावर बोट दाबतो, हे एकदा मागच्या रांगेत बसून बघायला पाठवा. खासगी कोर्स घ्यायचाच झाला तर तिथली यंत्रं बघून भुलू नका. एका मुलाला आठवड्याला एकट्याने किती तास स्टुडिओ मिळतो, हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

तेव्हा आत्ता इंटरफेस, हेडफोन आणि रीपर. ते साठ दिवस बारावीच्या परीक्षेनंतरच सुरू करा म्हणजे वाया जाणार नाहीत. त्यात त्याने तीन पूर्ण ट्रॅक संपवावेत, त्यातल्या एकात स्वतः वाजवलेली ढोलकी असावी. तीन झाले तर मॅक मिनीचं बोलू. नाही झाले तर दीड लाखाच्या मशीनवरही झाले नसते, पण पैसे तेवढे वाचलेले असतील.

शेवटी तुम्ही स्पीकरचं विचारलंय. आत्ता नको. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला टेकवलेले स्पीकर बासचा अंदाज चुकवतात, आणि भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवून शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज अडत नाही. त्याने मिक्स हेडफोनवर करावं आणि मग मोबाइलवर, टीव्हीवर, जमलं तर एखाद्या रिक्षावाल्याच्या स्पीकरवर वाजवून बघावं.